मागच्या चाकाच्या तारा तुटतात, नवी चाकं कोणती घ्यावीत?

प्रश्न : माझं वजन १०४ किलो आहे. रोड बाइकच्या मागच्या चाकाला २४ तारा आहेत. त्यातल्या तीन एकामागून एक तुटल्या, तिन्ही हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी. दर वेळी तार बदलून आउट (चाकाचं डोलणं) काढून घेतला. ब्रेक रिमवरचे, मागे ११ गिअर. आता चाकांची नवी जोडी घ्यायची आहे, पण बजेट बेताचं आहे. उंच रिमची घेऊ की वजनाला हलकी?

उत्तर : या दोन्हींपैकी एकही नको. पुढचं चाक सरळ फिरत असेल आणि त्याची ब्रेक घासायची पट्टी झिजलेली नसेल, तर जोडीचीही गरज नाही. सगळे पैसे मागच्या चाकावर लावा. स्वार आणि सायकल मिळून होणाऱ्या वजनाचा साधारण ६० टक्के भार तिथेच पडतो.

तार एका दणक्यात क्वचितच तुटते. चाकाचा जो भाग जमिनीला टेकतो, तिथल्या तीन-चार तारांचा ताण क्षणभर उतरतो आणि चाक पुढे सरकलं की पुन्हा चढतो. एका किलोमीटरमध्ये प्रत्येक तारेवर हे सुमारे ४७५ वेळा घडतं. या चढउताराने धातू थकतो आणि हबच्या भोकात जिथे तार वाकलेली असते तिथेच तडकतो. तारा कमी असल्या की प्रत्येकीचा ताण जास्त उतरतो. मुळात सैल बांधलेली तार तर पूर्णच ढिली पडते, म्हणून चाक जास्त आवळल्यामुळे तारा तुटतात हा समज बहुतेक वेळा उलटा निघतो. तुमच्या उरलेल्या २१ तारांनी तेवढीच हालअपेष्टा सोसली आहे, त्यामुळे चौथी तार बदलण्यात अर्थ नाही.

मागचं चाक ३२ तारांचं, थ्री-क्रॉस (प्रत्येक तार दुसऱ्या तीन तारांना छेदून जाते असं) विणलेलं घ्या. वजन १२० किलोच्या पुढे असेल किंवा सायकलवर सामान लादणार असाल तर ३६. तारा डबल बटेड हव्यात, म्हणजे दोन्ही टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमी. सापिम रेस किंवा डीटी स्विस कॉम्पिटिशन या त्यातल्याच. मधला बारीक भाग किंचित ताणला जातो, त्यामुळे धक्का वाकलेल्या जागी एकवटत नाही, शेजारच्या तारांमध्ये वाटला जातो. अख्खी तार जाड घेतली तर हा फायदा जातो. निपल, म्हणजे तार रिमला आवळणारे छोटे नट, पितळेचे घ्या. ॲल्युमिनियमचे काही ग्रॅम हलके असतात, पण गंजून धरले की पान्याखाली गोल होतात. रिम साधी ॲल्युमिनियमची, ४६० ते ५५० ग्रॅमची, आतून १८ ते २१ मिमी रुंद असावी. डीटी स्विस आर ४६० या जातीची रिम आणि शिमानो १०५ च्या तोडीचा ३२ भोकांचा हब एवढ्यात काम होतं. कोन-कप आणि सुटे छर्रे असलेला हब उघडून ग्रीस करता येतो, हेही बजेटच्या बाजूनेच आहे. जुना २४ भोकांचा हब मात्र ३२ भोकांच्या रिमला चालणार नाही. रिमब्रेकच्या रोड फ्रेमला मागे साधारणपणे १३० मिमीचा हब लागतो. ११ गिअरचा फ्रीहब (हबचा गिअरची चक्रं बसतात तो भाग) ८ ते १० गिअरच्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिमी लांब असतो, तेव्हा ऑर्डर देताना गिअरची संख्या सांगा.

कंपनीत मशीनवर बांधलेलं ३२ तारांचं चाक स्वस्त पडत असेल तर खुशाल घ्या, पण तसंच चालवू नका. टेन्शन मीटरने गिअरकडच्या तारा तपासून घ्या. रिमच्या मर्यादेत राहून १०० ते १२० किलो ताण हवा आणि एका बाजूच्या तारांमध्ये सरासरीपासून २० टक्क्यांहून जास्त फरक नको. दुसऱ्या बाजूला जेमतेम निम्मा-पाऊण ताण भरेल. गिअरमुळे चाक एका अंगाला बांधावं लागतं म्हणून तसं होतं, तो दोष नाही. मग जवळजवळ समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबत एक फेरा पुरा करा, म्हणजे तारा हबमध्ये नीट बसतात. त्यानंतर परत आउट काढा, डोलणं अर्ध्या मिमीच्या आत आणा. पहिल्यांदा चालवताना टिक्-टिक् आवाज आला तर तारांना पडलेला पीळ सुटतो आहे. दीड-दोनशे किलोमीटर झाले की पुन्हा तपासा. मीटर नसेल तर तारा छेडून ऐका. एकाच बाजूची एखादी तार खर्जात वाजली तर ती सैल आहे.

प्रश्न : चाकावर ‘कमाल १२० किलो’ लिहिलं आहे. माझं वजन १०८. मग चालेल ना?

उत्तर : आधी पुस्तिका वाचा. बऱ्याच वेळा हा आकडा एकूण वजनाचा असतो. सायकल ९ किलो, पाऊण लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या दीड किलो, बूट-हेल्मेट-पंप धरून आणखी दोन. झाले १२०.५, म्हणजे वर गेलंच. मर्यादेला चिकटून चाक घेऊ नये, खड्डा काही सांगून येत नाही.

प्रश्न : वजन १०० किलो. हुकलेस (रिमच्या कडेला टायर धरणारा हुक नसलेली) ट्यूबलेस चाकं आणि २८ मिमीचे टायर कसे राहतील?

उत्तर : रोडच्या हुकलेस रिमला ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय ही वरची मर्यादा असते. तुमच्या वजनाला २८ मिमीच्या मागच्या टायरात ८५ च्या आसपास हवा लागेल. कमी भरली तर खड्ड्यात रिमची कड ठेचते, जास्त भरली तर टायर रिमवरून उडू शकतो. तेव्हा हुक असलेली रिमच बघा. डिस्कब्रेकची सायकल असून फ्रेममध्ये जागा असेल तर टायर ३२ मिमीचा घ्या, कमी हवेत भागेल. रुंद रिमवर टायर छापलेल्या आकड्यापेक्षा फुगतो, म्हणून फ्रेम आणि टायर यांच्यात दोन्ही बाजूंना ४ मिमी मोकळं राहतं का ते हवा भरून मोजा.