नोकरी, दोन लहान मुलं आणि रविवारची मिस्सा: कॅथोलिक आया हे सगळं कसं जमवतात?

ताई, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी उद्याच्या डब्याची मटकी भिजत घालत होते. तेव्हा उत्तर द्यायला मी चालेन असं धरून लिहिते.

तुम्ही लिहिलंय की बँकेत नोकरी आहे, मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची आणि नवरा फिरतीवर. तीन महिन्यांत पाच-सहा रविवारच्या मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) बुडाल्या, रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, ही लग्नाआधीची गोष्ट झाली, आणि चर्चमधल्या एका बाईंनी ‘हल्ली दिसत नाही तुम्ही’ म्हणून सगळ्यांदेखत टोमणा मारला. आणि विचारलंय की काम, घर आणि श्रद्धा यांचा तोल साधायचा कसा.

मी सोलापूरची. माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं, दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला जाणारं घर. लग्न होऊन इथं आले त्याला चौदा वर्षं झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. तोल वगैरे मला साधलेला नाही, हे आधीच सांगते. पण एक गोष्ट कळली, तीही उशिरा, आणि ती माझ्या धंद्यातलीच आहे. तोलाचं नंतर बघू, आधी देणं किती आहे ते कागदावर लिहून काढा.

ख्रिस्तसभेनं, म्हणजे कॅथोलिक चर्चनं, आपल्यावर बंधनकारक म्हणून टाकलेलं आहे ते असं: रविवारी आणि नेमलेल्या सणांना मिस्सा, वर्षातून निदान एकदा पापनिवेदन, ईस्टरच्या काळात निदान एकदा कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद), ठरलेल्या दिवशी उपवास, आणि चर्चच्या गरजांना आपल्या ऐपतीप्रमाणे हातभार. संपली यादी. नेमलेल्या सणांपैकी येशूच्या आईच्या, मारियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण तर १५ ऑगस्टला येतो, त्याची सुट्टी सरकारच देतं. फक्त शाळेचं झेंडावंदन आणि मिस्सा एका सकाळी बसवताना तारांबळ उडते, ती वेगळी.

आता या यादीत काय नाही ते बघा. रोजची रोझरी नाही. नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची मिस्सा नाही, महिला मंडळ नाही, नाताळात पंचवीस घरी फराळाची ताटं पोचवणंही नाही. ही सगळी हौसेची, प्रेमाची कामं आहेत आणि मला ती आवडतात. पण आपण त्यांना देण्याच्या रकान्यात टाकतो आणि मग रोज रात्री थकबाकीदार होऊन झोपतो. रोझरीचं बोलायचं तर २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिच्यात प्रकाशाची पाच रहस्यं, म्हणजे येशूच्या आयुष्यातले चिंतनाचे पाच प्रसंग, वाढवली, तेव्हा माझी आई कपाळाला हात लावून म्हणाली होती, ‘आधीचीच पुरी होईनात, त्यात अजून पाच!’ दिवसाला पाचच म्हणायची असतात हे तिला माहीत होतं. तरी म्हणाली.

तुमच्या बाबतीत आणखी एक महत्त्वाचं. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, म्हणजे १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, २१८१ क्रमांकाचा परिच्छेद काढून वाचा. रविवारची मिस्सा गंभीर कारणाशिवाय बुडवू नये असं तिथं स्पष्ट आहे, आणि गंभीर कारणांची जी उदाहरणं दिलीत ती दोन: आजारपण आणि तान्ह्या बाळांची देखभाल. तान्ही बाळं, शब्दशः. मी पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिने रडून काढले आणि हा परिच्छेद मला कुणी दाखवला नाही. पोरगी तापानं फणफणलीय, नवरा गुलबर्ग्याला, अशा रविवारी घरी राहणं हे पाप नाही. आता याचा अर्थ पोरगी दहावीला जाईपर्यंत सूट, असा काढू नका. तुमच्या पाच-सहा रविवारांपैकी किती खरंच तिच्यामुळे गेले आणि किती शनिवारी रात्री मोबाइल बघत जागल्यामुळे गेले, ते तुम्हालाच माहीत. माझे दोन्हीकडचे आहेत.

आणि शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, हे विसरू नका. आमच्या सोलापुरात ही सोय म्हणजे वरदान आहे, कारण इथं नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ज्या रविवारी सकाळी पाण्याची पाळी असते त्या दिवशी अख्ख्या गल्लीत पाण्यापुढे कुणाचा देव चालत नाही. मोटर, पाइप, टाकी, पिंप, बादल्या, शेवटी भांडीसुद्धा. लग्नानंतरची दोन-तीन वर्षं मी पाणी भरून, घामेजलेली, प्रवचन संपता संपता मागच्या दारानं आत शिरायचे. एकदा फादरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘मग आम्ही काय मिनरल वॉटर पितो? आमच्याही टाकीत तेच येतं की!’ आता पाण्याचा रविवार असला की मी शनिवारी जाऊन येते, किंवा नवरा पाणी भरतो आणि मी जाते. त्याला हे सांगायला मला तीन वर्षं लागली. नाही म्हणाला असता असं नाही. मीच कधी विचारलं नव्हतं.

हे न विचारणं माझं जुनं दुखणं आहे. २०२४ चा ईस्टर आठवतोय का, कोणत्या तारखेला होता? ३१ मार्च. हिशेबाच्या माणसाला यापुढे काही सांगायला नको. पवित्र सप्ताह, म्हणजे ईस्टरआधीचा आठवडा, आणि मार्च एंडिंग एकाच वेळी. गुरुवारी पाय धुण्याचा विधी चालू होता आणि मी बाकावर बसून मनात ‘वार्पिंगच्या बिलाची एन्ट्री राहिली’ असं म्हणत होते. शनिवारी रात्री आम्ही सगळे जागरणाच्या मिस्साला गेलो. चर्चबाहेर अंधारात विस्तव पेटवतात, त्यावर पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती लावतात, मग तिच्यावरून प्रत्येकाची. जुन्या करारातली वाचनं लांबत गेली आणि मुलगा, तेव्हा पाच वर्षांचा, हातातल्या पेटत्या मेणबत्तीसकट माझ्या खांद्यावर झोपला. मेण माझ्या बाहीवर सांडलं. सोलापूरचा मार्च तुम्हाला माहीत असेल, त्या उकाड्यात ते थिजायलाही तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या सकाळी आठ वाजता, मी गोडाऊनमध्ये क्लोजिंग स्टॉक मोजत उभी. एकीकडे गाठी, दुसरीकडे सुटा माल. एक पोरगा वरून ओरडून आकडा सांगतो, मी टिपते. नाकात कापसाचं तूस. नियमानं माझं काही चुकलेलं नव्हतं, रात्रीच्या मिस्सानं ईस्टर पाळून झाला होता. पण लिहिता लिहिता मी नखानं बाहीवरचं मेण खरवडत होते आणि आकडे परत परत चुकत होते. अकराला मुलाचा फोन. ‘येशू उठला ना? मग तू कधी येणार?’

दुपारी शेठ आले. मी गुश्शात होते, म्हटलं, आज आमचा सर्वांत मोठा सण आहे. ते खरंच गोंधळले. ‘मॅडम, तुमचा सण तर परवा झाला ना? गुड फ्रायडेला मी तुम्हाला शुभेच्छा पण दिल्या.’ (दिल्या होत्या. येशूच्या मरणाच्या दिवसाच्या शुभेच्छा दरवर्षी कुणीतरी देतंच, आपण थँक्यू म्हणतो.) मग म्हणाले, ‘आधी सांगितलं असतंत तर शनिवारीच मोजणी उरकून कुलूप घातलं असतं. रविवारी माल कुठं हलतोय?’

दहा वर्षं त्या माणसाकडे नोकरी केली आणि तो मला अडवतोय असं मनात धरून बसले. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला कोण रजा घेणार, आषाढीला कोण, रमजानमध्ये कुणाला लवकर सोडायचं, हे सगळं त्या कारखान्यात वर्षानुवर्षं ठरतं. कारण ते लोक सांगतात. आम्ही मूठभर, त्यामुळे गप्प राहायची सवय. आता मी जानेवारीतच राखेचा बुधवार (ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो तो), पवित्र गुरुवार आणि ईस्टर अशा तारखा लिहून देते. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला येतोय, म्हणजे पुन्हा मार्च एंडिंगच्या तोंडावर. ते आत्ताच सांगून ठेवलंय. तुम्ही बँकेत आहात, तुम्हीही सांगून ठेवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की नोकरी सोडली तर मी जास्त चांगली कॅथोलिक आई होईन का. यावर मला झेली मार्तां आठवते. ‘लहान फूल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच संत तेरेजाची आई. फ्रान्समधल्या आलाँसों गावात तिचा लेसचा धंदा होता. ऑर्डर घ्यायची, बायका घरी बसून तुकडे विणायच्या, ही ते जोडून पुरवायची. आपल्याकडच्या हजारो बाया पानं-तंबाखू घरी आणून विड्या वळतात ना, तशी घरकामाची पद्धत. धंदा इतका वाढला की नवरा लुई यानं आपलं घड्याळांचं दुकान विकून बायकोच्या धंद्यात हात घातला. नऊ मुलं, त्यातल्या पाच मुली जगल्या. तेरेज १८७३ ची. झेलीला अंगावर पाजणं जमेना म्हणून तान्ह्या तेरेजला वर्षभर खेड्यातल्या दाईकडे ठेवावं लागलं. झेलीची दोनशेहून जास्त पत्रं आज आहेत आणि त्यांत ऑर्डरींचा ताण आहे, थकवा आहे, मुलींची काळजी आहे. १८७७ मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं गेली, वय ४५. लुई आणि झेलीला २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी एकत्र संत जाहीर केलं. हे टॉवेलच्या गाठी मोजणाऱ्या बाईला किती जवळचं वाटतं, ते मी सांगायला नको. पगाराची गरज असेल तर नोकरी करा, नसेल आणि मन घरात असेल तर सोडा, पण चर्चच्या नावावर सोडू नका.

रोजच्या प्रार्थनेचं म्हणाल तर माझी स्कूटीवर होते. सात रस्ता चौकापासून कारखान्यापर्यंत रोझरीचे दोन टप्पे, मणी नाहीत, ब्रेकवरच्या बोटांवर मोजून. मध्ये रिक्षावाला आडवा आला तर एखादा शब्द प्रार्थनेबाहेरचाही जातो.

मुलांची रात्रीची प्रार्थना मात्र सासूबाई घेतात. त्या मिशनच्या चर्चमधल्या, म्हणजे प्रोटेस्टंट. म्हणून आमचं लग्न बिशपांची परवानगी काढून झालेलं. सुरुवातीला मला हे खुपायचं, कारण त्यांच्या प्रार्थनेत मारिया नाही, आणि मुलं त्यांच्याच सुरात देवाशी बोलायला शिकत होती: शेजारच्या अक्कांचा गुडघा, पपांची गाडी, शाळेतली पेन्सिल हरवलेली, सगळ्यांची नावं घेऊन, लांबलचक. पण मी साडेआठला घरी पोचते आणि सासूबाईंची अकरा वर्षांत एक रात्र चुकलेली नाही. आता शेवटी मुलगी ‘नमो मारिया’ जोडते. सासूबाई तेवढा वेळ डोळे मिटून गप्प बसतात. आमेन मात्र मोठ्यानं म्हणतात.

राहिल्या टोमणा मारणाऱ्या बाई. पुढच्या रविवारी त्यांच्या शेजारी बसा आणि प्रवचन सुरू झालं की मुलगी त्यांच्या मांडीवर द्या, ‘जरा धरता का?’ म्हणून. आमच्याकडच्या एका काकूंना मी अशीच दिली होती. पोरीनं दहा मिनिटांत दोनदा त्यांचा चष्मा पाडला आणि पदर ओढून पिन काढली. पुढच्या रविवारी आम्ही उशिरा पोचलो, तर काकूंनी दाराजवळच्या बाकावर पर्स ठेवून आमची जागा धरलेली होती.