अल्जीरियावर लिहिण्याआधी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा काल रात्री वाचून संपवला. पहिलंच वाक्य आहे, ‘४ मार्च १९९२ रोजी अल्जीरियात इस्लामिक साल्वेशन फ्रंटवर बंदी आली.’ तिथून सुरुवात करू नकोस. बंदीपासून सांगायला घेतलं की वाचक लगेच बाजू निवडून मोकळा होतो.

ऑक्टोबर १९८८ पासून सुरू कर. दोन वर्षांपूर्वी तेलाचे भाव कोसळले होते आणि देशाचं पोट तेल-वायूवरच होतं. १९६२ च्या स्वातंत्र्यापासून सत्तेत एकच पक्ष, एफएलएन. कामधंदा नसलेली पोरं दिवसभर भिंतीला टेकून उभी असायची. तिथल्या बोलीत भिंत म्हणजे ‘हित’, म्हणून त्यांना ‘हितिस्त’ म्हणत. ती पोरं रस्त्यावर उतरली, लष्करानं गोळ्या घातल्या, शेकडो मेले. त्या रक्तातून १९८९ ची बहुपक्षीय राज्यघटना आली, आणि त्याच वर्षी अब्बासी मदनी व अली बेलहाज यांचा इस्लामिक साल्वेशन फ्रंट हा इस्लामवादी पक्ष. जून १९९० च्या स्थानिक निवडणुकांत त्याला सुमारे ५४ टक्के मतं पडली.

आता आकड्यांपाशी थांब, तू इथेच घाई केलीस. २६ डिसेंबर १९९१ ला संसदेच्या निवडणुकीच्या पहिल्या फेरीत पक्षानं ४३० पैकी १८८ जागा जिंकल्या, हे तू लिहिलंस. पण त्याची मतं १९९० पेक्षा सुमारे १० लाखांनी घटली होती, हे लिहिलं नाहीस. मतदान साठ टक्क्यांच्याही खाली होतं. मतांत दुसऱ्या आलेल्या एफएलएनला वीस जागाही मिळाल्या नाहीत, आणि ती निवडणूक पद्धत तिच्याच राजवटीनं आखलेली होती. मदनी आणि बेलहाज तर जून १९९१ पासून तुरुंगात होते.

बेलहाज लोकशाही उघडपणे नाकारत होते. अल्जीरियातल्या अनेक बायकांना वाटलेली भीती खरी होती. ती दोन ओळींत उरकू नकोस.

जानेवारी १९९२ मध्ये मी तुझ्याच वयाचा होतो. ११ तारखेला राष्ट्राध्यक्ष शादली यांनी राजीनामा दिला, पाठोपाठ निवडणूक रद्द झाली, आणि ती बातमी वाचून ‘बरं झालं’ असं मी मोठ्यानं म्हणालो होतो. पुढच्या दहा वर्षांत त्या देशात लाख ते दोन लाख माणसं मारली गेल्याचे अंदाज आहेत. सशस्त्र इस्लामी टोळ्यांनी गावंच्या गावं कापली, आणि सरकारी यंत्रणांनी उचललेली हजारो माणसं परत आली नाहीत. माझ्या त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

म्हणून विरोधी पक्षनेते होसीन आइत अहमद यांना तळटीपेतून वर आण. २ जानेवारीला त्यांच्या हाकेवर अल्जिअर्समध्ये लाखो लोक चालले. पोलिसी राज्यही नको आणि धर्मांध राज्यही नको, ही त्यांची मागणी. त्यांच्या पक्षाला २५ जागा होत्या, तरी दुसरी फेरी व्हावी, असंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि शेवट २००५ च्या सलोखा सनदेपर्यंत ने. तिच्या आधारे पुढच्या वर्षी सुरक्षा दलांवरच्या खटल्यांची वाट बंद झाली. बेपत्ता मुलांचे फोटो छातीशी धरून आया तरीही अल्जिअर्सच्या रस्त्यावर उभ्या राहत होत्या. तुझ्या मसुद्यात त्या अजून कुठेच नाहीत.

तुझा,
सर