सूर-शंका : बारा बारमध्ये तबलजी का हरवतो?

प्रश्न : आमचा जॅझ-ब्लूज बँड अकरा वर्षं पुण्यात वाजवतोय, जोडीला आफ्रिकी, लॅटिन ठेकेही. यंदा ड्रमसोबत तबला घेतला. ब्लूज सुरू झाला की दोन फेऱ्यांत तबलजी हरवतो. कोणता ताल धरावा? (कोथरूड)

उत्तर : तीनताल. ब्लूजची एक फेरी बारा बारची, बार म्हणजे ४ मात्रांचा गट. बारा बार गुणिले ४ म्हणजे ४८ मात्रा, १६ मात्रांच्या तीनतालाची बरोबर ३ आवर्तनं. 'ए'मधला साधा ब्लूज घ्या : ४ बार ए कॉर्ड, मग २ डी, २ ए, मग ई, डी आणि २ ए. सम (आवर्तनाची पहिली मात्रा) येते पहिल्या, पाचव्या, नवव्या बारवर. खाली (नववी मात्रा) येते तिसऱ्या, सातव्या, अकराव्यावर. गायकाची ओळ साधारण तिथेच संपते नि गिटार उत्तर देते. एकतालाची ४ आवर्तनंही ४८ मात्रांचीच, पण त्याची सम चौथ्या बारवर पडते आणि पाचव्यातला डी मधेच लटकतो.

हरवतो तो १६ मोजताना नव्हे. तिन्ही समा सारख्याच भासतात, म्हणून कितवं आवर्तन चाललंय ते निसटतं. बेस ऐकायला सांगा : नवव्यात ई, दहाव्यात डी, ही उतरण फेरीत एकदाच येते.

तिहाई अकराव्या बारच्या खालीपासून : 'ते टे धा' तीनदा, मात्रेला एक बोल. शेवटचा धा पुढच्या फेरीच्या समेवर. मात्र हेच दोन बार गिटारवालाही टर्नअराउंडसाठी (फेरी पुन्हा सुरुवातीला वळवणारा तुकडा) राखून ठेवतो. तेव्हा कोण थांबणार ते तालमीतच ठरवा.

शफल या झुलत्या ठेक्यात ड्रमर मात्रेचे तीन भाग करतो. तबल्यावर चारचा 'तिरकिट' आला की सगळंच लंगडतं. तिथे बोल तिस्र जातीत, म्हणजे मात्रेला तीन, घ्या.

प्रश्न : तबला पांढरी सहात (पेटीची सहावी पांढरी पट्टी, म्हणजे ए) चोख लावूनही एका ठिकाणी कानाला खटकतो. (सदाशिव पेठ)

उत्तर : गाणं 'ए'मध्ये असेल, तर नववा बार तपासा. ई कॉर्डमध्ये काळी चार (जी शार्प) आहे आणि तबल्याची पांढरी सहा तिच्या अगदी शेजारी; दोन्ही घासतात. तो एक बार उघडा 'ना' आणि 'तिं' टाळा, बंद बोल आणि डग्ग्यावर निभावा. डीवर काळजी नको, तिथे तबला पंचम होतो. आणि काळी एकचा लहान तोंडाचा तबला ठोकून पांढरी सहापर्यंत उतरवू नका. पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडते, आस (रेंगाळणारा नाद) जाते. मोठ्या तोंडाचा वेगळा तबला लागतो. पावसाळ्यात पुडी दमट होऊन सूर उतरतो, एसी हॉलमध्ये चढतो. तबला अर्धा तास आधी मंचावर ठेवून मगच मिळवा.

प्रश्न : डग्गा माइकवर घेतला की मॉनिटर (वादकांकडे तोंड केलेला स्पीकर) घुमतो. (औंध)

उत्तर : दिशादर्शी माइक जवळ आला की खर्ज फुगवतो. ४ ते ६ इंच वर ठेवा, तबला आणि डग्गा दोन्हींना वेगळे माइक द्या, तबल्याच्या माइकचं १०० हर्ट्झखालचं कापा. मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे. कार्डिऑइड जातीचा दिशादर्शी माइक तिथेच सर्वांत बहिरा असतो. आवाज तरी कमी पडला, तर आधी ड्रमरच्या हाती ब्रश द्या. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन आणि तबलावादक झाकीर हुसेन यांच्या मूळ 'शक्ती' बँडमध्ये ड्रमसेट नव्हताच. तिथला तबला तुमच्या मंचावर तसाच ऐकू येईल, ही अपेक्षा चुकीची.