गोळी फुप्फुसात पोचते का?

प्रिय डॉक्टर,

परवा राउंडला तू विचारलंस, न्यूमोनियात गोळी फुप्फुसापर्यंत पोचते का, की सलाइनच लावावं? तेव्हा ओपीडीची घाई होती, म्हणून आज सवडीनं लिहितोय.

फुप्फुसाला रक्ताची वाण नसते. म्हणून आधी गोळी पोटातून रक्तात किती उतरते ते बघायचं. लिव्होफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड ही अँटिबायोटिक्स जवळपास १०० टक्के उतरतात. सेफिक्सीम जेमतेम निम्मं. उलट्या होत असतील, बीपी पडलं असेल, माणूस बरळत असेल, तर मात्र शीरच धरायची.

मग जंतू कुठं बसलाय ते बघ. न्यूमोकोकस, न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू, पेशींच्या बाहेर, वायुकोशांतल्या पातळ द्रवात वाढतो. अ‍ॅमॉक्सिसिलिन पेशीत फारसं शिरत नाही, त्यामुळे फुप्फुसाचा तुकडा वाटून मोजलं की आकडा कमी दिसतो आणि पोरं बिचकतात. पण त्याचं काम पेशीबाहेरच आहे. तिथं पातळी दिवसभर टिकायला हवी, म्हणून दुपारचा डोस चुकवू द्यायचा नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनचं उलटं: रक्तात थोडंच सापडतं, पण पेशींत साठून दिवसेंदिवस राहतं. आणि मायकोप्लाझ्मा या जंतूला पेशीभिंतच नाही. तिथं अ‍ॅमॉक्सिसिलिन, जे भिंतीवरच घाव घालतं, कितीही पोचलं तरी व्यर्थ.

एक पैलवान अजून आठवतो. डॉक्सिसायक्लिन देऊन चौथा दिवस, ताप हटेना. मी औषध बदलायला निघालो होतो. त्याच्या वस्तादांनी सहज सांगितलं, पोरगं पहाटे कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पितं, त्याच पेल्याबरोबर कॅप्सूल आणि ताकदीची लोहाची गोळी. लोह आणि कॅल्शियम या औषधाला आतड्यातच धरून ठेवतात. वेळा वेगळ्या केल्या, दोन दिवसांत ताप उतरला. गोळी कशाबरोबर घेता, हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. तू विचारत जा.

लिव्होफ्लॉक्सासिन इतकं छान पोचतं की हात आपोआप तिकडं वळतो. तो आवर. टीबीच्या जंतूवरही ते चालतं; ताप चार दिवस दबतो, पेशंट खूश होतो आणि निदान महिनाभर लांबतं. सात नंबर कॉटवरच्या आजींना दोन महिन्यांचा खोकला आहे, वजनही उतरलंय. उद्या सकाळी त्यांचा बेडका तपासायला पाठव, चिठ्ठी त्यानंतर लिही.

तुझा,
सर