शब्दकोशात ‘हूक’ म्हणजे ‘आकडा’ असं दिलंय. ही छपाईची चूक आहे का?

चूक नाही, शब्दकोश बरोबर आहे. तुम्ही लिहिलंय की तुमच्या सातवीतल्या मुलीला शाळेत ‘हूक’ या इंग्रजी शब्दाचे सापडतील तितके अर्थ लिहून आणायला सांगितलेत. कोशात ‘आकडा, गळ, अंकुश’ असं मिळालं आणि ‘आकडा म्हणजे तर संख्या’ म्हणून तिने तो शब्द खोडला. तो तिला परत लिहायला सांगा. तिच्या यादीतला दुसराच एक शब्द खोडायला हवा आहे, त्याचं शेवटी सांगते.

मी बरीच वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतराचं काम करते. त्यात कथा-कविता कमी, यंत्रांची माहितीपत्रकं जास्त. या कामात ‘हूक’ सारखा समोर येतो आणि दर वेळी थांबायला लावतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आकडा. संस्कृतमध्ये ‘अङ्क’ असा शब्द आहे आणि त्याचा फार जुना अर्थ आहे वाकवलेली आकडी. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं १६२वं सूक्त अश्वमेधाच्या घोड्याचं आहे. त्यात मांस शिजवायची भांडी आणि त्यांची झाकणं यांच्या शेजारीच हे ‘अङ्क’ येतात, म्हणजे आकडेच. पुढे हा शब्द कुठल्या कुठे गेला. कडेवर मूल बसतं ती कमरेवरची वाकण म्हणजे अंक, त्यावरून मांडीही अंक. वाकडी रेघ म्हणजे अंक. जनावराच्या अंगावर डाग देऊन केलेली खूण म्हणजे अंक, म्हणून ‘अंकित’. तिथून संख्येची खूण, नाटकाचा भाग आणि आपला दिवाळी अंक. मराठीतला ‘आकडा’ याच घरातला, म्हणूनच त्याच्याकडे दोन्ही अर्थ आहेत, अडकवायचा आणि मोजायचा. गुजरातीतल्या ‘आंकडो’चंही तसंच आहे. मुलीला देवनागरी १ मोठा काढून बघायला सांगा. वर गोल वळण, खाली उतरती शेपूट. कागद उलटा धरला की गळ. व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून हे सांगत नाही, पण मुलांना ते लगेच दिसतं.

हे घराणं आपल्यापुरतं नाही. जहाजाच्या नांगराला इंग्रजीत ‘अँकर’ म्हणतात, तो ग्रीकमधून आलेला याच मुळाचा शब्द. गळाने मासे धरणाऱ्याला ‘अँगलर’ म्हणतात, तोही त्यातलाच. ‘अंकुश’ तर उघडच आहे. आणि मला सगळ्यात आवडणारी जोडी अशी: माणसाच्या आतड्यात राहून रक्त पिणाऱ्या हूकवर्मला मराठीत अंकुशकृमी म्हणतात आणि त्याचं शास्त्रीय नाव आहे ‘ॲन्सिलोस्टोमा’. ग्रीकमध्ये ‘अंकिलोस’ म्हणजे वाकडा, ‘स्टोमा’ म्हणजे तोंड. मराठी नाव देणाऱ्याने आणि शास्त्रीय नाव देणाऱ्याने दोन वेगवेगळ्या भाषांतून एकाच मुळाला हात घातला. गंमत म्हणजे खुद्द ‘हूक’ हा शब्द या घराण्यातला नाही. त्याचं गोत जर्मन-डच बाजूचं. डचमध्ये त्याचा भाऊबंद ‘हूक’ म्हणजे कोपरा. ‘हूक फान होलांद’ या गावाचं नाव त्यावरूनच पडलं, तिथे कोणी गळ टाकला होता म्हणून नव्हे.

बोलण्यात आकडा अजून जिवंत आहे. पीळ भरलेल्या मिशा आकडेबाज. विंचवाची वळलेली नांगी म्हणजे आकडा. मटक्यात लागतो तो मोजायचा आकडा, आणि विजेच्या उघड्या तारेवर बांबूने टाकतात तो अडकवायचा. ‘आकडा टाकणे’ याचा अर्थ वीज चोरणे असा इतका पक्का झालाय की बातमीत वेगळं सांगावं लागत नाही. २००३च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण माझी काळजी कायद्याची नाही. पावसाळ्यात असल्या तारांना चिकटून माणसं जातात, जनावरं जातात, आणि तरीही दर वर्षी नवे आकडे पडतात. ‘आकडी’चं तर दोन ठिकाणी काम आहे. फांदी खाली ओढायची ती आकडी, आणि झटके येतात तीही आकडी. कोणाला आकडी आली तर कांदा, चप्पल काही हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका; कुशीवर वळवा आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना गाठा. विषय निघाला म्हणून लिहिलं, कधीतरी उपयोगी पडेल.

आता गळ. शहरातल्या मुलांना गळ म्हटलं की मासाच आठवतो. आमच्या गावी गळ हा विहिरीचा होता. एका कड्याला चारपाच वाकडी लोखंडी बोटं, त्याला लांब दोर. कळशी विहिरीत पडली की तो सोडायचा आणि तळ चाचपत हळूहळू फिरवायचा. आख्ख्या वाडीत गळ एकाच घरी होता. बरणी-परडीसारखी ती मागून आणायची वस्तू. परत द्यायला उशीर झाला तर तिथली आजी दारात येऊन उभी राहायची. पाण्याखालचं काही दिसायचं नाही, सगळं हाताला कळायचं. दोर जड झाला की वर येईपर्यंत कोणी बोलायचं नाही. कधी कधी वर यायची ती भलत्याच कोणाची, चार वर्षांपूर्वी बुडालेली कळशी.

माशांच्या गळाला मालवणीत आणि कोंकणीत गरी म्हणतात. गरीने मासे धरणं म्हणजे ‘गरवणं’. तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, गरी, आमिषाला कोळंबीचा तुकडा, आणि खाडीच्या कडेला तासन्‌तास बसायचं. ‘गरवायला गेलाय’ या एका शब्दात जागा, साधन, सवड सगळं येतं. याला इंग्रजी प्रतिशब्द शोधायच्या भानगडीत मी कधी पडले नाही.

गळाचं एक बारीक व्याकरण मुलीला नक्की दाखवा. ‘त्याने गळ टाकला’ आणि ‘त्याने मला गळ घातली’. मासा धरतो तो गळ पुल्लिंगी, आग्रह होते ती गळ स्त्रीलिंगी. लिहिताना अक्षरं तीच, पण क्रियापद लागल्याबरोबर कळतं कोणता गळ आणि कोणती गळ. परभाषेतून मराठी शिकणाऱ्यांना मी हे उदाहरण हमखास देते.

आणि गळाचा एक अर्थ अंगावर काटा आणणारा आहे. वाई तालुक्यातल्या बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड निघतं. प्रचंड लाकडी गाडा, खूप बैलजोड्या, वर आडव्या शिडावर नवस फेडणारा बगाड्या टांगलेला. आज त्याला कापडाने आणि दोराने बांधतात. पूर्वी बगाडाच्या प्रथेत पाठीच्या मांसात लोखंडी गळ टोचून माणूस टांगत असत. इंग्रजांच्या कागदपत्रांत या प्रथेचं नावच मुळी हूकवरून आहे. ‘गळ टोचून घेणे’ हा जुन्या मराठीतला शब्दप्रयोग तिथला. नवस माणूस बोलतो आणि त्याचा भार शरीर उचलतं, हे या एका वस्तूत जितकं दिसतं तितकं मला दुसऱ्या कशात दिसलेलं नाही.

इतके शब्द असूनही ब्लाऊजला आपण हूकच लावतो. हुकपट्टी, पलीकडे दोऱ्याचं काज. आई गावात शिवणकाम करायची. हूक लावायचं काम माझ्याकडे असे, ब्लाऊजला पाच किंवा सहा. तिचं म्हणणं असे की शिवण चुकली तर उसवता येते, पण हूक केसभर वरखाली लागला तर सगळी पुढची बाजू तिरकी दिसते. इथे ‘आकडी’ लिहिणं खोटं वाटेल. एवढ्याशा वस्तूला परका शब्द चिकटला आणि घरचा झाला, त्याला हाकलून काय मिळवायचं?

उलट चूकही होते. शिलाई मशिनच्या एका माहितीपत्रकात, बॉबिनभोवती फिरून वरचा दोरा धरणाऱ्या भागाला इंग्रजीत हूक म्हटलं होतं. मी ‘आकडी’ लिहिलं. छापण्याआधी ओळखीच्या एका शिंपीकाकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘ताई, हे शटल आहे. आकडी वाचून लोकांना वाटेल सुई वाकलीय.’ तेव्हापासून मी आधी ती वस्तू हातात धरणाऱ्या माणसाला विचारते. विणकामाच्या, टोकाला आकडी असलेल्या सुईला क्रोशा म्हणतात. फ्रेंचमध्ये ‘क्रोशे’ म्हणजे लहानसा हूकच, म्हणजे तिथे आपण हूकच दुसऱ्या वाटेने घरात घेतला. गोदामातल्या पोत्यांवर ‘यूज नो हुक्स’ असं छापलेलं असतं. पोतं ओढायच्या लोखंडी हाताला माथाडी कामगारही हूकच म्हणतात, तेव्हा मराठीत मी ‘हूक लावू नये’ एवढंच ठेवते. झोपाळा मात्र कडीला, सदरा खुंटीला. तिथे हूक शिरू देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

क्रिकेटमधला हूक तुमच्या मुलीने लिहिलाच असेल. आखूड टप्प्याचा, छाती-डोक्याच्या उंचीला उसळलेला चेंडू मागच्या पायावर जाऊन लेगला भिरकावायचा. माझ्या वडिलांसाठी हूक म्हणजे मोहिंदर अमरनाथ. १९८३ साली वेस्ट इंडीजमध्ये ब्रिजटाउनच्या कसोटीत तोंडावर चेंडू लागून तो रक्तबंबाळ होऊन बाहेर गेला आणि टाके घालून पुन्हा खेळायला उतरला, ही गोष्ट ते दर पावसाळ्यात सांगायचे. त्याच वर्षी विश्वचषकाच्या उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांत तो सामनावीर ठरला.

पण इथे मराठी कानाची पंचाईत होते. आपल्याकडे ‘हुकणे’ हे पक्कं घरचं क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ निसटणे. नेम हुकला, संधी हुकली, शतक हुकलं. इंग्रजी हूक धरतो, मराठी हुकतं ते हातातून जातं. आवाज जवळजवळ एक, अर्थ पाठीला पाठ लावून उभे. दोन शब्दांचं नातं काही नाही, पण ‘हूक करताना त्याचा अंदाज हुकला’ हे वाक्य मी रेडिओवर ऐकलंय आणि त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं.

गाण्यातला हूक, म्हणजे एकदा ऐकून दिवसभर डोक्यात राहणारी ओळ. त्याला मुखडा म्हणावं का? पूर्ण बसत नाही, कारण हूक मुखड्यात असेल किंवा नुसत्या चार सुरांतही असेल. आपल्याकडे जवळचा शब्द ध्रुवपद. तो ऐकणाऱ्याला पकडत नाही. स्वतः ध्रुवासारखा जागेवर राहतो आणि कडवी त्याच्याकडे परत येतात. दोन्ही कल्पना मला हव्याशा वाटतात, म्हणून गाण्याच्या संदर्भात मी हूक हूकच ठेवते. व्यसनाच्या अर्थाने मात्र अजिबात ठेवत नाही. इंग्रजीत माणूस हूकला अडकतो. मराठीत नाद माणसाला लागतो, चटक लागते, व्यसन जडतं. आपला शब्द जास्त नेमका आहे, त्यात कोण कोणाला धरून आहे ते स्पष्ट कळतं.

राहिलेले भराभर. मुष्टियुद्धात कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा हूक. टेलिफोनचा रिसीव्हर पूर्वी खरोखरच आकड्याला टांगत, म्हणून इंग्रजीत फोन ‘टांगतात’. आपण तो ‘ठेवतो’. संगणकातला वेबहूक म्हणजे ‘काम झालं का?’ असं सारखं विचारत बसण्याऐवजी समोरच्याकडे आपला पत्ता ठेवून द्यायचा, झालं की तोच कळवतो. मराठीत मी तो ‘वेबहूक’ असाच लिहिते. वापरणारी मुलं तेच म्हणतात.

आता खोडायचा शब्द. मुलीने यादीत ‘हूकचा नियम’ लिहिलाय, कारण पुस्तकातल्या चित्रात स्प्रिंगच्या टोकाला वजनं अडकवायचा हूक दिसतो. तो नियम त्या वस्तूचा नाही, रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचा आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याच्या नावाच्या शेवटी एक ई जास्त आहे. स्प्रिंग जितकी ताणावी तितकंच तिचं ओढणं वाढतं, हा त्याचा नियम. १६६५ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाच्या पातळ कापात दिसलेले कप्पे काढून दाखवले आणि त्यांना ‘सेल’ हा शब्द वापरला. तिला तो विज्ञानाच्या वहीत पेशींच्या धड्याजवळ लिहून ठेवायला सांगा. इंग्रजीच्या वहीत त्या जागी ‘आकडा’ येऊ द्या.