वाचक विचारतात : टेक्नेशियम, बोन स्कॅन आणि सोमवारचं मिल्किंग

प्रश्न : आईचा बोन स्कॅन झाला. इंजेक्शनमधलं टेक्नेशियम अंगात दुसऱ्याच मूलद्रव्यात बदलतं, असं वाचलं. त्याचा पुढे त्रास होतो का? (सांगली)

उत्तर : काळजी करू नका. इंजेक्शनमध्ये असतं टेक्नेशियम-९९एम. ‘एम’ म्हणजे जादा ऊर्जा घेऊन अडकून बसलेलं अणुकेंद्र. ती ऊर्जा ते १४० केईव्हीच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणाच्या ऊर्जेचं एकक) गॅमा किरणाच्या रूपात सोडतं आणि कॅमेरा नेमका तोच किरण टिपतो. या पायरीवर प्रोटॉन ४३ चे ४३ च राहतात, म्हणजे मूलद्रव्य बदलत नाही. उरतं साधं टेक्नेशियम-९९. त्याच्या केंद्रातल्या एका न्यूट्रॉनचा बीटा कण टाकून प्रोटॉन झाला, की ४४ प्रोटॉनचं स्थिर रुथेनियम-९९ तयार होतं. मात्र या बदलाचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, आहे सुमारे २ लाख ११ हजार वर्षं!

हा आकडा ऐकून माणूस धास्तावतो, पण अर्धायुष्य जितकं मोठं, तितके दर सेकंदाला बदलणारे अणू कमी. २० मिलिक्युरीचा (किरणोत्साराचं एकक) डोस म्हणजे ७४ कोटी बेकरेल, म्हणजे दर सेकंदाला ७४ कोटी अणू बदलणं. त्याचं सगळं टेक्नेशियम-९९ होऊन अंगातच राहिलं असं धरलं, तरी भरतं जेमतेम अडीच बेकरेल. प्रौढ माणसाच्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियम-४० चेच सुमारे ४,००० बेकरेल असतात. शिवाय ९९एम दर ६ तासांनी निम्मं होतं, २४ तासांत सोळावा हिस्सा उरतो, आणि बरंचसं लघवीवाटे जातं. त्या दिवशी पाणी भरपूर प्यावं, तान्ह्या मुलांना फार वेळ कुशीत घेऊ नये.

प्रश्न : ६ तासांत निम्मं होणारं औषध रुग्णालयात साठवतात कसं? (नाशिक)

उत्तर : साठवतच नाहीत, रोज काढतात. ६६ तास अर्धायुष्याचं मोलिब्डेनम-९९ हे दुसरं किरणोत्सर्गी मूलद्रव्य ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइड) छोट्या नळीत धरून ठेवलेलं असतं. नवी मुंबईत वाशीच्या ‘ब्रिट’ या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेकडून अशा नळीचे संच, म्हणजे जनरेटर, मिळतात. मोलिब्डेनमचा बीटा क्षय होऊन टेक्नेशियम बनतं. त्याची ॲल्युमिनावरची पकड सैल, त्यामुळे ०.९ टक्के सलाइन सोडलं की ते धुऊन येतं. साधारण २३ तासांत साठा पुन्हा कमाल होतो, म्हणून हे धुऊन काढणं, म्हणजे ‘मिल्किंग’, रोज सकाळी.

प्रश्न : आमच्या विभागात सोमवारच्या पहिल्या मिल्किंगने बनवलेल्या किटमध्ये (टेक्नेशियम मिसळून इंजेक्शन बनवायची औषधाची कुपी) लेबलिंग, म्हणजे टेक्नेशियम औषधाला जोडलं जाणं, कमी भरतं, स्कॅनमध्ये थायरॉइड आणि जठर दिसू लागतं. किट खराब समजायचं का? (पुणे)

उत्तर : आधी मिल्किंगमधलं अंतर पाहा. २४ तासांनी काढलेल्या टेक्नेशियमच्या १०० अणूंपैकी सुमारे २८ च ९९एम असतात. ७२ तासांनी फक्त ८. बाकी सगळं साधं ९९. रसायनाच्या दृष्टीने दोन्ही एकच, त्यामुळे टेक्नेशियम औषधाला जोडायला लागणारं किटमधलं स्टॅनस टिन (कथिलाचा क्षार) साध्या ९९ वरच खर्ची पडतं आणि पर्टेक्नेटेट, म्हणजे न जोडलेलं टेक्नेशियम, मोकळं राहतं. तेच थायरॉइड आणि जठरात दिसतं. उपाय सोपा : रविवारी एकदा काढून टाका. ते जमत नसेल तर सोमवारी पहाटे काढलेलं किटसाठी वापरू नका, ६ तासांनी पुन्हा काढा. कमाल साठ्याच्या निम्म्याहून थोडं जास्त मिळेल, पण १०० पैकी ६३ अणू ९९एमचे असतील.

एवढं करूनही लेबलिंग कमी आलं, तर व्हायलमध्ये (किटच्या कुपीत) हवा शिरते का ते तपासा. ऑक्सिजन टिन निकामी करतो. आणि मोलिब्डेनम ब्रेकथ्रू, म्हणजे टेक्नेशियमबरोबर नळीतून निसटून आलेलं मोलिब्डेनम, रोज मोजा : सुमारे ६ मिमी शिशाच्या भांड्यात १४० केईव्हीचे किरण अडतात, मोलिब्डेनमचे ७४० केईव्हीचे पार जातात. रुग्णाला डोस देण्याच्या वेळी दर मिलिक्युरी टेक्नेशियममागे मोलिब्डेनम ०.१५ मायक्रोक्युरीच्या वर असेल, तर ते मिल्किंग टाकून द्या.