न्यू जर्सीत घर घेताना स्कूल डिस्ट्रिक्ट कसा पारखावा? 9 रेटिंगच्या शाळेसाठी लहान घर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की बजेटात दोन घरं बसतायत. एक 9 रेटिंगच्या शाळेजवळचं, जुनं आणि अडचणीचं. दुसरं 6 रेटिंगच्या शाळेचं, ऐसपैस. मुलगी पहिलीत, धाकटा अजून डेकेअरला. एजंटला विचारलं तर तो म्हणतो, शाळांचं तुमचं तुम्हीच बघा. त्याचा राग धरू नका. घरांच्या व्यवहारात वंश, धर्म वगैरे बघून भेदभाव करायला मनाई करणाऱ्या 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे 'चांगल्या' आणि 'वाईट' वस्तीबद्दल बोलायला ही मंडळी कचरतात.

माझं मत आधीच सांगते. घरांच्या साइटवरचा दहापैकीचा तो रेटिंगचा आकडा शाळा कशी शिकवते यापेक्षा गावात कोण राहतं हे जास्त सांगतो. मिडलसेक्स काउंटीत शनिवारी-रविवारी गणिताच्या क्लासबाहेर लागलेल्या गाड्या बघा. मुलांच्या मार्कांत शाळेचं किती आणि क्लासच्या फीचं किती, हे कोण वेगळं काढणार? स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या परीक्षांचे निकाल तपासले, तेव्हा सरासरी गुण आणि वर्षागणिक प्रगती यांचा फारसा मेळ बसेना. शिकागोत गरीब घरची मुलं जास्त आणि सरासरी कमी, पण तिथली मुलं पाच वर्षांत सहा वर्षांचं शिकत होती.

म्हणून रेटिंग बाजूला ठेवा आणि राज्याच्या शिक्षण खात्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा. प्रत्येक शाळेचा वेगळा असतो, फुकट असतो. त्यात 'स्टुडंट ग्रोथ' बघा. 50 म्हणजे राज्यात आधी साधारण तेवढेच गुण असलेल्या मुलांच्या मधोमध. सहावाल्या शाळेचा ग्रोथ 60 आणि नऊवालीचा 45 असेल, तर मी तरी सहावालीकडे झुकेन. शिवाय 'क्रॉनिक अ‍ॅब्सेंटीझम', म्हणजे शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण. हा आकडा फुगलेला असेल तर कारण विचारायला हवं.

आता खरी गोम. तुम्ही डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावाच्या सरकारी शाळा चालवणारा अख्खा विभाग, विकत घेत नाही, नकाशावरच्या एका रेषेच्या आतली जागा घेता, आणि पोस्टाचा पत्ता ती रेषा सांगत नाही. जाहिरातीत 'प्रिन्स्टन, 08540' दिसलं की आपले लोक हरखतात. पण त्या झिपकोडात वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स यांचेही तुकडे येतात. मुलं जाणार त्या-त्या गावाच्या शाळेत. उलट क्रॅनबरीत शाळा आठवीपर्यंतच, आणि पुढे तिथली मुलं प्रिन्स्टन हायस्कूलला जातात. एडिसनमध्ये डिस्ट्रिक्ट एकच, पण पत्त्यानुसार जे. पी. स्टीव्हन्स किंवा एडिसन हाय. या एका फरकावर घरांच्या किमती हलतात.

काउंटीचाही हिशेब करा, तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो यांचा डिस्ट्रिक्ट एकच आहे, पण वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत आणि प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. काउंटीच्या मॅग्नेट अकादम्यांना, म्हणजे एखाद्या विषयाला वाहिलेल्या आणि निवडून प्रवेश देणाऱ्या हायस्कूलांना, त्या-त्या काउंटीतलीच मुलं अर्ज करू शकतात. मिडलसेक्सच्या एडिसनमधल्या अकादमीचं दार प्लेन्सबरोच्या मुलीला उघडं, वेस्ट विंडसरमधल्या तिच्या वर्गमैत्रिणीला बंद. तुमच्या मुलीला पुढे इंजिनिअरिंगची गोडी लागली तर हा फरक रेटिंगपेक्षा मोठा ठरेल.

रेषा सरकतातही. शाळा भरल्या की डिस्ट्रिक्टचं बोर्ड हद्दी बदलतं. म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांची बोर्डाच्या मीटिंगची इतिवृत्तं चाळा; ती सगळ्यांसाठी खुली असतात. 'रीडिस्ट्रिक्टिंग' (हद्दी नव्याने आखणं), 'रेफरेंडम' (शाळेच्या खर्चासाठी गावाचं मतदान), शिक्षककपात हे शब्द शोधा. शाळांच्या मदतीचं वाटप बदलणाऱ्या 2018 च्या कायद्यानंतर राज्याने बऱ्याच डिस्ट्रिक्टांची मदत टप्प्याटप्प्याने कापली, आणि ती झळ आधी संगीत, लायब्ररी आणि बस यांना लागते. बसवरून आठवलं: आठवीपर्यंत शाळा दोन मैलांपेक्षा दूर असेल तरच बस मिळणं हा हक्क आहे. दीड मैलावरचं घर आणि दोघांच्याही नोकऱ्या, असं असेल तर फी भरून बस मिळते का ते विचारा.

नऊ-दहा रेटिंगच्या गावाची दुसरी बाजूही असते. 2015 मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचे सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख, डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना 16 पानी पत्र लिहिलं. मुलांवरचा ताण इतका वाढला होता, की वर्षभरात 120 जणांना मानसिक आरोग्य तपासणी सुचवावी लागली होती. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा काढल्या, गृहपाठाविना रात्री आणल्या. त्यावर विरोधही झाला, आणि तो करणाऱ्यांत आपल्यासारखे आशियाई पालकच पुढे होते. तुमची मुलगी स्पर्धेत खुलते की कोमेजते, हे कुठलीही साइट सांगणार नाही.

करांचं थोडक्यात: इथल्या प्रॉपर्टी टॅक्सचा निम्म्याहून थोडा जास्त भाग शाळांना जातो. दोन घरांची तुलना किमतीवर नको, महिन्याच्या हप्त्यात टॅक्स धरून करा. कमी हप्त्याचं घर घेतलं तर वाचणाऱ्या पैशांत कधीकधी मुलीचा चित्रकलेचा क्लास आणि धाकट्याचं पोहणं आरामात बसतं. ज्या गावात हप्ता भरण्यासाठी आई-बाबा दोघंही रात्री आठला घरी येतात, तिथली नऊवाली शाळा एकटी काय करणार?

ऑफर देण्याआधी एवढं मात्र कराच. डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारला, म्हणजे प्रवेशाचं काम बघणाऱ्याला, फोन लावा, घराचा क्रमांक आणि रस्ता सांगा, आणि प्राथमिक, मिडल आणि हाय अशा तिन्ही टप्प्यांच्या शाळांची नावं ईमेलवर मागवून घ्या. पहिलीच्या वर्गात जागा आहे की मुलीला दुसऱ्या शाळेत पाठवतील, हेही त्यातच विचारा. एजंटच्या करारात सहीनंतर वकिलाने करार तपासण्यासाठी तीन कामकाजाचे दिवस असतात. उत्तर त्याआधी हातात हवं.